राजसला शिकवलेलं खोटं

आधीच कबूल करून टाकते: खोटं माझं होतं. राजसने ते फक्त म्हणून दाखवलं.

राजस माझा भाऊ, सात वर्षांचा, दुसरीत. मी आभा, पंधरा, दहावीत. आम्ही दोघं आईबरोबर नवीन पनवेलला दीड खोलीत राहतो, आणि त्या दीड खोलीत मी दिवसभर मोठ्याने बोलते, तरी कोणी मला "हळू" म्हणत नाही. वर्षभरापूर्वी आम्ही उलव्याच्या फ्लॅटमधून निघून आलो. त्याआधी शाळेत हजेरी सोडली तर माझं नाव घ्यायची वेळ कोणावर आली नव्हती. यंदा मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले! फुशारकी म्हणून नाही सांगत. (बरं, थोडी आहे.) पण पुढे जे झालं ते या वक्तृत्वापायीच झालं, म्हणून सांगायलाच हवं.

बाबांनी कोर्टात अर्ज केला होता, मुलाचा ताबा मिळावा म्हणून. ताबा! विमानतळ येणार म्हटल्यापासून आमच्याकडे जो तो जमिनीचा नाहीतर फ्लॅटचा ताबा मागत असतो, त्या यादीत आता माझा भाऊ. माझ्याबद्दल अर्जात एकच ओळ होती: "मुलगी आईकडे राहण्यास अर्जदाराची हरकत नाही." म्हटलं, बरंच झालं. पण ती ओळ मी तीनदा वाचली.

पहिल्या तारखेला जज म्हणून एक साहेब होते. माणूस वाईट नव्हता, उलट फार मऊ बोलायचे. आईने त्यांना सगळं सांगितलं. बाबा केस धरून ओढायचे ते, मनगट पिरगळून मोडलं ते. पण दवाखान्याच्या कागदावर "बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या" असं लिहिलं होतं, कारण तेव्हा आईनेच तसं सांगितलं होतं. बाबा शेजारीच उभे होते, तिची पर्स हातात धरून.

साहेब म्हणाले, "ताई, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. मला एवढंच सांगा, मुलांना कधी हात लावलाय का त्यांनी?"

आई म्हणाली, "नाही."

खरंच नव्हता लावला. साहेबांनी पान उलटलं. मी मागच्या बाकावर होते, तिथपर्यंत मला ते पान उलटल्याचं ऐकू आलं. "मग बाप म्हणून ते चांगलेच आहेत की," साहेब म्हणाले.

आणि निकाल लागेपर्यंत दर रविवारी राजस उलव्याला जायला लागला.

त्याला आवडायचं तिकडे. बाबा त्याला गच्चीवर घेऊन जायचे, दोघं विमानं मोजायचे. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी त्याचं सुरू, "ताई, आज सात उतरली, चार उडाली!" बाबा त्याच्याशी छान वागायचे. हे लिहिताना मला त्रास होतो, पण ते खरं आहे.

मग एका सोमवारी आईने दुधी केला. राजसने ताट ढकललं आणि आईकडे बघून म्हणाला, "अक्कल आहे का तुला?"

शब्द बाबांचे, हेल बाबांचा, मान तिरकी करायची तऱ्हासुद्धा बाबांची. आवाज तेवढा सात वर्षांचा. आईने जमिनीवर सांडलेला भात उचलला. डाव्या मनगटाने तिला अजून बरणीचं झाकण फिरवता येत नाही, म्हणून उजव्या हातानेच उचलला. त्या दिवशी मी ठरवलं, हा तिकडे कायमचा गेला तर आपला राजस आपल्याला परत मिळणार नाही. काय वाट्टेल ते करीन, पण जाऊ देणार नाही.

तेवढ्यात मऊ साहेबांची बदली झाली आणि नव्या जजबाई आल्या. आमच्या वकील चारुता मॅडम आईला म्हणाल्या, "या यवतमाळकडच्या आहेत. मुलांशी स्वतः बोलतात, वकिलांना बाहेर काढून. एकच सांगते, मुलांना काही पढवू नका. पढवलेलं त्यांना दोन मिनिटांत कळतं."

आई म्हणाली, "मी कशाला पढवू?"

मी मनात म्हटलं, दोन मिनिटांत? मी शिकवलेलं? बघूच.

आई एका लॅबमध्ये रक्त घेते. लोक मुद्दाम तिची वाट बघत थांबतात, कारण तिची सुई टोचलेली कळत नाही. तिची संध्याकाळची पाळी होती, म्हणून सलग तीन दिवस मी आणि राजस घरी दोघंच होतो.

"म्हण, माझे बाबा मला पट्ट्याने मारतात."

"पण मारत नाहीत."

"माहितीये मला. पण म्हणायचं."

"का?"

"कारण ते लोक एवढंच विचारतात."

"मग आपण त्यांना दुसरं सांगू या ना."

"दुसरं ते लिहीत नाहीत, राजस! हात मागे घे. समोर बघ. शेवटचा शब्द गिळू नकोस."

तिसऱ्या दिवशी तो अगदी फाडफाड म्हणायला लागला. मला इतकं भारी वाटलं ना, काय सांगू!

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाबा निळ्या शर्टात उभे होते, भांग पाडून. राजसला बघून त्यांनी हात हलवला, त्यानेही हलवला. आतून पट्टेवाले आले. सगळे त्यांना दाजी म्हणत होते. "पोरांना बोलावलंय. एकेकाला."

राजसने माझा हात असा काही धरला की सुटेना. दाजींनी आत जाऊन विचारलं, परत आले आणि म्हणाले, "चला दोघंपण. घाबरू नको रं बाला, मॅडम चावत नाय."

जजबाईंची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. फायलींचे गठ्ठे, एक पंखा, आणि टेबलामागे माझ्या आजीएवढ्या नाही पण आईपेक्षा मोठ्या बाई. काळा कोट खुर्चीच्या पाठीला लावलेला. त्या टेबलामागून उठून आमच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसल्या. "काय रे बाबू, बाहेर एवढा वेळ काय करून राहिला होता?"

"करून राहिला" ऐकून राजसला हसू फुटलं. मला वाटलं, वा, सुरुवात छान झाली. आणि तेवढ्यात राजस उठला. हात मागे घेतले, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाला:

"माझे बाबा मला पट्ट्याने मारतात. ते मला रोज मारतात. म्हणून मला आईकडे राहायचे आहे. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!"

शेवटचं मी शिकवलं नव्हतं हो! ते त्याने स्वतःच लावलं. त्याला वाटलं, भाषण आहे तर शेवट पाहिजेच.

जजबाई अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत, आणि राजस टाळ्यांची वाट बघत होता.

"छान पाठ झालं," त्या म्हणाल्या. "कोणी बसवून घेतलं?"

"ताईने!" राजस अभिमानाने म्हणाला. "ती तालुक्यात पहिली आली."

दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आईने सांगितलं होतं तुला?"

"नाही! आईला माहीतसुद्धा नाही. शप्पत."

"शपथ नको. खरं-खोटं तुझं तू सांग, मी ऐकते. याचा अर्थ कळतो तुला? तुमच्या वडिलांचे वकील दोन महिने म्हणून राहिले आहेत की मुलांना आईने पढवलंय. तू त्यांना ताट वाढून दिलंस."

मी रडणार होते, पण रडले असते तर बोलता आलं नसतं, आणि बोलायला तर हवंच होतं. मग मी बोलले. उभी राहून नाही, हात मागे घेऊन नाही, नुसती बसून. म्हटलं, "मॅडम, मागच्या साहेबांनी आईला एकच विचारलं, मुलांना हात लावलाय का. आई नाही म्हणाली. त्यांनी पान उलटलं. आईचं मनगट मोडलंय त्याचं त्यांनी काहीच नाही विचारलं. मला वाटलं, कोर्टात आईला मारलेलं धरत नाहीत. आम्हाला मारलेलंच धरतात. आणि आम्हाला तर मारलेलं नाही. मग मी काय करणार होते?"

जजबाईंनी चष्मा काढला. बराच वेळ त्या तो नुसताच हातात धरून बसल्या. मोठी माणसं अशा वेळी लगेच काहीतरी बोलतात, बरोबर-चूक सांगतात. त्या बोलल्याच नाहीत. मला तेव्हाच त्या आवडल्या, खरं सांगते. आमचं सगळं बुडालं असं वाटत असतानाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता तू जे पाहिलंस तेवढंच सांग."

"मी काही पाहिलेलं नाही. बाबा चिडायला लागले की आई आम्हाला खाली पाठवायची."

"कुठे?"

"दूध आणायला," राजस मध्येच बोलला. "आमच्याकडे फ्रिजमध्ये दूधच दूध असायचं! तरी आई म्हणायची, दूध आणा. मग आम्ही दूध घ्यायचो आणि जिन्याखाली बसायचो. ताई माझे पाढे घ्यायची. मला सतराचा येतो."

"सतराचा? दुसरीत?"

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचा पंच्याऐंशी..."

"अरे वा. मग अठराचा?"

"तो नाही येत. तोपर्यंत आई खिडकीतून हाक मारायची, या वर."

जजबाईंनी मान हलवली. खूप हळू विचारलं, "आणि पाढे मनात म्हणायचा की मोठ्याने?"

"मोठ्याने. मोठ्याने म्हटलं की वरचं ऐकू येत नाही."

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे मी त्याला पाढे कशासाठी म्हणायला लावायचे ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत आहे, हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, याला काही कळत नाही, लहान आहे.

"बाबा आवडतात तुला?" जजबाईंनी विचारलं.

"हो. त्यांना सगळी विमानं ओळखता येतात." मग त्यानेच विचारलं, "तुम्ही आता विचारणार ना, आई पाहिजे की बाबा?"

"नाही विचारणार."

"का?"

"ते ठरवायचं काम माझं आहे. तू दुसरीत आहेस. एवढं जड दप्तर तुला कशाला?"

मग त्यांनी कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने सगळं लिहायला लागल्या. दूध, जिना, पाढे. लिहून झाल्यावर आम्हाला वाचून दाखवलं. त्यात पट्ट्याचं पण होतं, आणि ते मी शिकवलं हेही.

"हे पण ठेवणार?" मी विचारलं.

"ठेवणार. माझ्या सोयीचं तेवढं लिहिलं तर मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?"

मला लागलं ते. पण असं लागलं की त्यांचा राग नाही आला.

बाहेर आल्यावर मी आईला आणि चारुता मॅडमना सगळं सांगून टाकलं. चारुता मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आभा, अगं काय केलंस हे!" आई मात्र म्हणाली, "मला का नाही विचारलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"अगं, म्हणूनच विचारायचं असतं, बाळा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही तशाच बसलो. दुपारभर मोठ्यांची बोलणी आत चालली. ती चारुता मॅडमनी नंतर सांगितली. बाबांचे वकील म्हणाले, मुलं पढवलेली आहेत, हे आता उघडच झालं. जजबाई म्हणाल्या, नोंद घेतली. मग त्यांनी बाबांना विचारलं, "दवाखान्यात कागद लिहिला तेव्हा तुम्ही कुठे होतात?" बाबा म्हणाले, "तिच्या शेजारीच, मॅडम! मीच घेऊन गेलो होतो." जजबाईंनी तेही लिहून घेतलं.

निकालाला सोळा दिवस होते. ते सोळा दिवस मी कसे काढले ते विचारू नका. शाळेत भाषणाला उभं राहायला सांगितलं तर मी नाही म्हटलं. राजस शेजारी झोपलेला असला की मला वाटायचं, याला मीच घालवला. एका रविवारी तो उलव्याहून येऊन विमानांचा आकडा सांगत होता आणि मी त्याच्याकडे बघून रडायला लागले. तो म्हणाला, "ताई, आज धुकं होतं, म्हणून कमी दिसली. रडू नकोस."

मग निकाल आला. चारुता मॅडमनी आम्हाला त्यांच्या ऑफिसात बोलावलं. पहिलं पान त्यांनी वाचलं, मग कागद माझ्याकडे दिला, "पुढचं तू वाच." मराठीत होता. मी मोठ्याने वाचला:

"वडिलांनी मुलाला हात लावला नाही, यावरून मुलगा हिंसेपासून दूर होता असे म्हणता येत नाही. तो जिन्याखाली होता."

मी थांबले. आई म्हणाली, "पुढे वाच."

"आईला होणारी मारहाण ऐकू येऊ नये म्हणून जे मूल सतरापर्यंतचे पाढे मोठ्याने म्हणते, त्या मुलावरही हिंसा झालेली आहे. पत्नीशी असे वागणारा पुरुष बाप म्हणून चांगला आहे, असे हे न्यायालय मानू शकत नाही. ती एकच व्यक्ती आहे."

आणि माझ्याबद्दल: "बहिणीने भावाला असत्य पढवले. ते चूक आहे व तिला तशी समज दिली आहे. त्यात आईचा हात असल्याचे दिसत नाही. मात्र मुलांना हात लावला का, एवढेच विचारले गेले, तर मुले त्या प्रश्नाला पुरेल असे उत्तर शोधणारच. दोष प्रश्नाचाही आहे."

तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसून असं कोण लिहितं? कोर्टाचीच चूक, कोर्टाच्याच कागदावर! वर मला सोडलंही नव्हतं. चूक म्हणजे चूक, स्वच्छ लिहिली होती. मला कोणी एवढा मान कधी दिला नव्हता. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. चारुता मॅडम म्हणाल्या, "अगं, पुढचं वाच, मुद्दा पुढे आहे."

मुद्दा असा, की राजस आईकडे. उलव्याला जाणं बंद. बाबांनी महिन्यातून दोन शनिवार कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेटायचं, तिथल्या ताईंच्या समोर, एक तास. त्यांनी समुपदेशकाकडे जायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. "मुलीने वडिलांना भेटावे किंवा न भेटावे, हे तिच्या इच्छेवर राहील." म्हणजे माझ्यासाठी पण एक ओळ होती.

आई रडली नाही. तिने कागदाची नीट घडी घातली आणि विचारलं, "राजसला कोण सांगणार?"

मीच सांगितलं. तो माझ्यावर प्रचंड चिडला. गच्ची गेली, विमानं गेली. "मी खरं सांगितलं म्हणून झालं ना?" असं म्हणून पलंगाखाली जाऊन बसला. मी पण त्याच्याशेजारी आत घुसले, डोकं आपटून घेतलं. म्हटलं, "नाही रे. तू खरं सांगितलंस म्हणून मी शिकवलेलं खोटं चाललं नाही. मी तुला ते शिकवायला नको होतं. सॉरी." तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तुझं टेंगूळ दाखव."

पहिला शनिवार. मुलांच्या खोलीच्या भिंतीवर हत्ती आणि जिराफ रंगवलेले, आत आणखी दोन मुलं खेळत होती. तिथल्या रूपाताई करंजा गावच्या, दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. बाबा आले, हातात मोठ्ठं विमान, खोक्यासकट. आईला बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"झालं मनासारखं? स्वतःच्या पोराला मी असं चोरासारखं भेटायचं? बोल ना, आता का बोलत नाहीस?"

प्रत्येक शब्दाला आवाज एक पायरी वर. राजस माझ्या पाठीमागे आला. आईचे खांदे आत गेले, मला ते दिसले.

रूपाताई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "दादा," त्या म्हणाल्या, "आवाज खाली. पोरं हायत आत."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाची बाही सारखी केली. "सॉरी," ते म्हणाले. आणि आवाज खाली आला. सरळ खाली, रेडिओचा कमी करतात तसा.

मला आजवर वाटायचं, तो राग म्हणजे त्यांना येणारा झटका आहे, त्याला कोणी काही करू शकत नाही. बाबासुद्धा नाहीत. मी आईकडे बघितलं. तीही बाबांकडेच बघत होती. तिचे खांदे हळूहळू जागेवर येत होते.

राजस माझ्यामागून बाहेर आला, खोक्यावरचं चित्र बघून म्हणाला, "हे दोन इंजिनवालं आहे," आणि आत गेला.

"आभा, तू येतेस?" बाबांनी विचारलं. हळू आवाजात, रूपाताईंकडे एकदा बघून.

"आज नाही," मी म्हणाले. "आम्ही इथे बाहेर आहोत. एक तासाने त्याला घ्यायला येतो."

बाबांनी मान हलवली, रूपाताईंच्या मागून आत गेले आणि दार हळूच लोटून घेतलं.